पाण्याखालची कुंभारगल्ली

"आठ कॅन झाले! आणखी चार मिळाले का तराफा तय्यार!"

कुलदीपने तेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन बाभळीखाली ओळीने मांडले आणि मोठी लढाई जिंकल्यासारखे हात कमरेवर ठेवले.

"अन् तराफा बुडाला तर?" गीतांजलीने विचारलं. ही त्याची धाकटी बहीण. वय वर्षं अकरा, पण तोंड तीन माणसांचं.

"तर तुलेच सोडू पाण्यात! तुही बडबड काई बंद होत नाई. आवाजावरून बरोबर शोधून काढू!"

प्रतीक्षा खो खो हसली. हसता हसता तिचं लक्ष शुभमकडे गेलं आणि हसू तिथंच विरलं. सात वर्षांचा शुभम जरा पलीकडे, उपड्या घातलेल्या डोंग्याला, म्हणजे लहान होडीला, पाठ टेकून बसला होता. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. नुसता पाण्याकडे बघत होता. कुलदीपने जीभ चावली.

तो डोंगा शुभमच्या बाबांचा होता.

प्रतीक्षा अकोल्याची. जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून दोन गल्ल्यांवर तिच्या आईबाबांचं हारफुलांचं दुकान. दर उन्हाळ्यात ती मामाच्या गावी, अमरावती जिल्ह्यातल्या गव्हाणखेडला यायची. कुलदीप, गीतांजली आणि शुभम ही तिची मामेभावंडं. हे गव्हाणखेड नवं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तिची आईसुद्धा शाळकरी मुलगी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावची गढी, म्हणजे गावामधली मातीची उंच टेकडी, बेटासारखी वर यायची. बाकीचं गाव मात्र घरांच्या दगडी भिंतींसकट हातभर पाण्याखालीच राहायचं.

गढीच्या उतारावरच्या ओल्या गाळात गव्हाणखेडचे माळी टरबुजं आणि काकड्या लावायचे. त्याला म्हणायचे डांगरवाडी. तिथं डोंग्याने जायचं तर बुडालेल्या गावाच्या गल्ल्यांमधूनच जावं लागे. गल्ली चुकली की डोंगा कुणाच्या तरी भिंतीवर आपटलाच म्हणून समजा! या कामात सगळ्यांत तरबेज होता शुभमचा बाबा, देवानंदमामा. त्याने गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू रोवून रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. त्याच्या खुणांवर सगळं गाव चालायचं.

मागच्या वर्षी मेच्या शेवटी वादळ आलं. रिकामा डोंगा काठाला लागला, देवानंदमामा आला नाही. दोन दिवस सगळं गाव पूर्वेकडच्या खोल पाण्यात त्याला शोधत राहिलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला, तो जुन्या गावाच्या कुंभारगल्लीच्या वाटेवर, शाळेच्या भिंतीपाशी.

मग गावातले वडीलधारे वामनराव यांनी सगळे बांबू उपटून टाकले. खुणाच नसल्या तर कुणी पाण्यात जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. डांगरवाड्या बंद पडल्या. आणि घरात देवानंदमामाचं नाव घेणंही बंद झालं. आबांसमोर, म्हणजे आजोबा उत्तमरावांसमोर तर नाहीच नाही. प्रतीक्षाला याचं फार फार वाईट वाटे. माणूस तर गेलाच होता, त्याच्या मागोमाग त्याचं नावही घरातून काढून टाकल्यासारखं झालं होतं.

"अरे, ते बघा!" ती एकदम ओरडली. "गढीवर हिरवं काय दिसतंय?"

"तुह्या चष्म्याले शेवाळ लागलं असन," कुलदीप म्हणाला.

प्रतीक्षाने बाबांचा जुना मोबाइल काढला, कॅमेरा सुरू केला आणि चित्र मोठं मोठं करत नेलं. गढीच्या उतारावर हिरव्या ठिपक्यांच्या सरळ रांगा होत्या. एक, दोन, तीन, चार.

"डांगरवाडी!" गीतांजली किंचाळली. "पण तिथं तर कोणीच जात नाई!"

घरी येऊन त्यांनी मोठ्या मामांना, म्हणजे कुलदीपच्या वडिलांना विचारलं. खुशालमामा काकड्या पोत्यात भरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मागच्या साली फुटलेल्या टरबुजाच्या बिया उगवल्या असन."

"चार सरळ रांगांत?"

"जा बरं, खेयाले जा!"

मोठ्यांचं हे बरं असतं. उत्तर आलं नाही की पोरांना खेळायला पाठवायचं.

पण प्रतीक्षा काही सोडणाऱ्यांतली नव्हती. त्या संध्याकाळी दारातल्या चपला बघताना तिला दुसरी एक गोष्ट दिसली. पौर्णिमामामीच्या, शुभमच्या आईच्या चपलांना फिका राखाडी गाळ वाळून चिकटला होता. गावातली माती तर काळीभोर! असा गाळ फक्त धरणाच्या पोटात. मामी दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटे गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात सेवेला जाते म्हणून सांगायची, दुपारच्या आत परत यायची.

"मोझरीले जाते तर एकदाही प्रसाद काहून नाई आणत?" गीतांजलीने डोळे बारीक केले.

"परवा गुरुवार आहे," प्रतीक्षा म्हणाली. "बघूच!"

गुरुवारी उजाडता उजाडता तिघं बाभळीच्या बुंध्यामागे दबा धरून बसले. मामी आली. हातात विळा आणि भाकरीचं फडकं. काठावर मासेमारी करणारे भगवंतराव डोंगा घेऊन तयारच होते. ती चढली आणि डोंगा उत्तरेकडच्या खोल पाण्यातून लांबचा वळसा घालत गढीकडे निघाला.

"काकू!" कुलदीपचा विश्वासच बसेना. "तिनंच लावली डांगरवाडी! आबाले सांगा लागते!"

"नको," प्रतीक्षा म्हणाली. मामी डोंग्यात ताठ बसली होती आणि घरात कधीच दिसत नाही इतकी मोकळी दिसत होती. "ती कुणाचं काही वाईट करत नाहीये. राहू दे तिचं तिला."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मले माहीत हाय."

शुभम उभा होता. तो कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं.

"आई तिथं बाबाशी बोलते," तो म्हणाला, आणि घराकडे चालू लागला.

तासा-दीड तासाने भगवंतराव जाळी उचलून एकटेच परतले. डोंगा साखळीला लावून कुलूप ठोकलं, वल्ही खांद्यावर घेतली. नेहमीच्या रिवाजाने दहा वाजता ते मामीला आणायला पुन्हा जाणार होते. पण नऊला त्यांच्या दारात जीप येऊन थांबली.

"चाला, चाला! वरात निघाली असन!" आतून कुणीतरी ओरडलं. नव्या कोऱ्या सदऱ्यात भगवंतराव जीपमध्ये चढले. "अकोल्याले लगन हाय पोट्टेहो! तुमच्यासाठी बुंदी आणतो!" आणि जीप धुरळा उडवत गेलीसुद्धा. मामीची आठवण त्यांना जीपमध्ये झाली नाही, वरातीत झाली नाही, पंगतीतही झाली नाही. वाईट माणूस नव्हता हो तो. नुसता विसरला.

मुलांना वाटलं, मामीला आणायला त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. आबा, मोठे मामा आणि मोठी मामी काकड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले होते. दुपार झाली. दोन वाजले. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. गाव दारं लावून झोपलं होतं. मामीचा पत्ता नव्हता. तिचा फोन घरातच खुंटीखाली चार्ज होत पडला होता.

तीन वाजता पश्चिमेला आभाळ तांबूस झालं. वारा सुटला. प्रतीक्षाने मोबाइल डोळ्यांसमोर धरला, चित्र मोठं केलं आणि फोटो काढला.

गढीवर एका काठीला लाल कापड बांधलेलं होतं. त्याच्या खाली मामी आडवी पडली होती. एक हात तेवढा हलत होता. मग तोही थांबला.

"पळा!"

कडुनिंबाखाली बाजेवर वामनराव पहुडले होते. तिघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली.

"गढीवर? पौर्णिमा?" ते हसले. "थे तर मोझरीले गेली. अन् गढीवर जायाची कोणाची हिंमत हाय? म्याच बांबू काढले ना!"

"आजोबा, तुम्ही फोटो बघा तरी!"

"ह्या उन्हात सगयं थरथरते, बेटा. काई बी दिसते. अन् आयका, डोंग्याले हात लावला तर तंगडं मोडीन! मी इथंच बसून हाय!"

भगवंतरावांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे नुसता बॅन्डचा धडाका! आबांचा फोन लागेचना.

कुलदीपने दोघींना बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "काकाचा डोंगा हाय. एक वल्हं गोठ्यात हाय. ताडपत्रीचं शीड करू. वारा गढीकडंच जाऊन राहिला. वळशानं जायाले वेळ नाई, सरळ जा लागन."

"सरळ म्हणजे गावावरून! भिंती आहेत!"

"माहीत हाय."

"आणि वामनआजोबा?" 

"थे माह्याकडं लागले," गीतांजली म्हणाली. तिने वेणी मागे टाकली, दम खाल्ला आणि अशी काही बोंब ठोकली, की झोपलेले कुत्रेसुद्धा उठले. "आजोबा! तुमची म्हैस आमच्या काकडीत शिरली! अन् त्याच्यावर कालच औषध फवारलंय!"

वामनराव बाजेवरून टुणकन उठले आणि धोतर सावरत शेताकडे धावत सुटले. म्हैस बिचारी गोठ्यात रवंथ करत होती.

"तू काठावरच थांब," प्रतीक्षाने गीतांजलीच्या हातात मामीचा फोन दिला. "मी फोन करीन. उचल मात्र!"

दोघांनी डोंगा उलटवला आणि पाण्यात ढकलला. तराफ्याचे दोन कॅन पोटाशी बांधले. मधल्या बांबूला ताडपत्री लावली मात्र, वाऱ्याने ती टरारून फुगली आणि डोंगा असा सुटला, की कुलदीप पाठीवरच पडला!

काठाजवळ पाणी साधं वाटत होतं. शंभर हात आत गेल्यावर त्याचा रंग बदलला. लाटा आडव्या-उभ्या आदळायला लागल्या. पाणी आत येत होतं. प्रतीक्षाने पाणी उपसायला पुढच्या फळीखालचं डबडं ओढलं, तर डबड्याबरोबर एक हात बाहेर आला.

"शुभम!"

कॅन बांधायच्या गडबडीत तो कधीतरी आत चढला होता आणि पोत्याखाली मुटकुळं करून बसला होता. नखशिखांत भिजलेला.

"अबे, तू काहून आला!" कुलदीप रडायच्या बेतात आला. "परत फिरू, प्रतीक्षा, परत फिरू!"

पण वाऱ्याविरुद्ध एका वल्ह्याने परत फिरणं शक्यच नव्हतं. प्रतीक्षाला इतकी भीती वाटली की तिचे दात वाजायला लागले. भर उन्हाळ्यात! मामाला गिळलेलं हेच पाणी, आणि त्याचाच एवढासा मुलगा आपल्या डोंग्यात. तिला पोहता येत होतं, पण मोर्णेकाठच्या तलावात, शिक्षक काठावर उभे असताना. तिने स्वतःच्या पोटाचा कॅन सोडला आणि शुभमच्या काखेखालून आवळून बांधला. बांधताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"रडू नको, ताई," शुभम म्हणाला. "मले रस्ता येते."

"कुठला रस्ता?"

"गावातला. मागं पाहा. मंदिराचा कळस अन् मोबाइलचा टावर एका रेषेत आले का कुंभारगल्ली लागते. बाबा तिथूनच जाये."

दोघांनी मागे पाहिलं. काठावर मंदिराचा पांढरा कळस होता, त्याच्या डावीकडे टॉवर. कुलदीपने वल्हं टेकवून डोंगा हळूहळू सरकवला. टॉवर कळसाकडे सरकत आला, सरकत आला आणि त्याच्या मागे लपला.

"आता शीड पाडा!" शुभम ओरडला. वर्षभरात तो एवढ्या मोठ्याने बोलल्याचं प्रतीक्षाला आठवत नव्हतं. "गल्लीत शीड नाई चालत! बाबा म्हणे, लोकायच्या दारातून जाताना सावकाश जा!"

ताडपत्री खाली आली. तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीचा लोट आला आणि टॉवर, कळस, काठ, सगळं पुसून गेलं. आता नुसत्या लाटा आणि तांबडी धूळ. कुठे आहोत, काही कळेना.

"आता रे?" कुलदीपने विचारलं.

"चाळीस वल्हे सरळ. मंग उजवीकडं चावडीचा बोळ."

कुलदीप मोजत वल्हं मारू लागला. एक... दोन... लाट आली की मोजणं अडखळे. चाळीस झाले. त्याने उजवीकडे वळवलं आणि खर्र्र! डोंग्याचं बूड दगडावर घासलं. डोंगा कलला, पाणी भसकन आत आलं आणि शुभम पार कडेला घसरला. प्रतीक्षाने त्याची कॉलर घट्ट धरली.

"चाळीस झाले होते!" कुलदीप ओरडला.

"अरे, मामाचे चाळीस!" प्रतीक्षाला एकदम उमगलं. "त्याचे हात तुझ्या दुप्पट! तुझं वल्हं तेवढं कापत नाही!"

"मंग मोजू कसे?"

"मोजू नकोस!" तिने शिडाचा बांबू उचलला, पुढे जाऊन पालथी पडली आणि बांबू पाण्यात खुपसला. ठक्! दगड लागला. "शुभम, ही कुणाची भिंत?"

"पार्बताबाईची असन. लय लांब घर होतं तिचं. थे संपलं का बोळ."

"कुलदीप, भिंतीच्या कडेने चल! मी चाचपते!"

आणि तसा तो डोंगा त्या बुडालेल्या गल्लीतून पुढे सरकू लागला. ठक्. "भिंत!" ठक्. "भिंत!" वारा पाठीत रट्टे घालत होता, लाट आली की प्रतीक्षाचं तोंड पाण्यात जात होतं. ठक्. "भिंत!" मग बांबू एकदम खोल गेला. "मोकळं!"

"उजवीकडं!" शुभमने हात केला. "ही चावडी. आता डावीकडं शाळा येईन. शाळेची भिंत उंच हाय. तिच्यापासून दूर ठेव, दादा. दूर ठेव!"

शाळेची भिंत कोणती, हे तिघांनाही ठाऊक होतं. जीव खाऊन वल्हं मारत कुलदीपने डोंगा दूर नेला. ती भिंत डाव्या हाताला लाटांखाली काळसर दिसली आणि मागे पडली. शुभम तिच्याकडे शेवटपर्यंत बघत राहिला. प्रतीक्षाने त्याला जवळ ओढून धरलं. तिच्याजवळ दुसरं काय होतं द्यायला?

डोंगा गाळात रुतला. गढी!

मामी शुद्धीवर होती. पण तिचा उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत टम्म सुजला होता.

"वेलाखाली होती. घोणस," ती पुटपुटली. मग तिला शुभम दिसला आणि ती उठायची धडपड करू लागली. "याले काहून आणलं? याले काहून आणलं रे पाण्यात!"

"मामी, उठू नका! अजिबात हलायचं नाही!" शाळेत सर्पमित्र आले होते तेव्हाचं एकेक वाक्य प्रतीक्षा आठवत होती. कापायचं नाही, चोखायचं नाही, धावपळ करू द्यायची नाही. लवकरात लवकर दवाखाना. तिने लाल कापडाची काठी मोडून पायाला दोन्ही बाजूंनी लावली आणि ओढणीने सैलसर बांधली. मोबाइलवर रेंजची एकच काडी होती.

"गीतांजली! साप चावलाय! १०८ लाव!"

"लावते! इकडं कुठी बोलावू?"

प्रतीक्षाने कुलदीपकडे पाहिलं. वाऱ्याविरुद्ध गावाकडे परतायचं म्हणजे तासभर झुंज, तीही फुटायला आलेल्या डोंग्याने. कुलदीपने समोर, पूर्वेकडे बोट दाखवलं. तिकडे धरणाची लांब भिंत होती, आणि भिंतीवर डांबरी रस्ता.

"वाऱ्याबरोबर जाऊ. तिकडं भिंती नाईत. नुसतं खोल पाणी हाय."

"धरणाच्या भिंतीवर बोलाव!" प्रतीक्षा फोनमध्ये ओरडली. "आणि सापाचं सांग! घोणस म्हणाव!"

मामीला ताडपत्रीवर झोपवून त्यांनी ओढत डोंग्यात आणलं. शीड करायला ताडपत्री उरली नाही, म्हणून काठीचं लाल कापड, भाकरीचं फडकं आणि पोतं एकत्र बांधलं. आता पावसाचे टपोरे थेंब, मग गारा. शुभम आईचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या तोंडावर दोन्ही हातांची ओंजळ उपडी धरून बसला. गारा त्याच्या हातांवर पडत होत्या. त्याने हात काढले नाहीत.

"घरात कोणी त्यायचं नाव घेत नाई," मामी मध्येच म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कोण जाणे. "मी म्हटलं, कुठीतरी तर घ्यावं. तिथं बोलाले मोकळं वाटे..."

"आई, बोलू नको," शुभम म्हणाला. "मंग बोलू. आपण दोघं बोलू."

वीस मिनिटांत डोंगा धरणाच्या दगडांवर जाऊन आदळला आणि फुटला. कुलदीप कमरेएवढ्या पाण्यात उतरून मामीला धरून राहिला. वर रस्त्यावर रुग्णवाहिकेचा दिवा फिरत होता.

मामी वाचली. दोन दिवस मात्र काही सांगता येत नव्हतं. अमरावतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा भिंतीला टेकून बसले होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. कोणी आणलं यांना?" आबांनी शुभमच्या डोक्यावर हात ठेवला.

आठव्या दिवशी मामी काठी टेकत घरी आली. अंगणात गाव जमलं. वामनराव शाल आणि नारळ घेऊन आले होते. भगवंतराव त्यांच्या मागे मान खाली घालून उभे होते. ते मामीसमोर आले आणि आडदांड माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "मी विसरलो, बाई. बुंदी खात बसलो अन् तुले विसरलो." मामीने त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

"माह्यावरही दोष हाय," वामनराव म्हणाले. त्यांनाही ते सोपं गेलं नाही. "पोट्टे सांगत होते, म्या आयकलं नाई. अन् ह्या पोरीनं माह्या म्हशीच्या नावानं मले असं पयवलं!" लोक हसले. गीतांजलीने ऐटीत वेणी मागे टाकली. कुलदीपला शाल मिळाली, प्रतीक्षाला नारळ. मग वामनराव शुभमसमोर वाकले.

"अन् हा तर वाघ निंघाला! काय रे, इतक्या गल्ल्या तुले कोणं शिकवल्या?"

"बाबानं."

शुभमच्या तोंडून त्या घरात तो शब्द कितीतरी महिन्यांनी आला होता. वामनराव गडबडले आणि गडबडीत नको ते विचारून बसले. "मंग... मंग बाबा हरवला, तवा काहून नाई सांगितलं बेटा, का तो कोणत्या गल्लीनं येते?"

"सांगत होतो ना," शुभम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "दोन्ही दिवस सांगत होतो, बाबा कुंभारगल्लीनं येते. तुमीच म्हणले, ह्याले घरात घेऊन जा."

दोन दिवस सगळं गाव पूर्वेच्या खोल पाण्यात शोधत होतं, आणि सहा वर्षांचं एक पोर काठावर उभं राहून बरोबर गल्ली सांगत होतं. लवकर गेलं असतं कुणी, तर मामा वाचला असता का? कुणालाच माहीत नव्हतं. आता कळायला काही मार्गही नव्हता. आणि हे पोर वर्षभर ते एकट्याने पोटात घेऊन बसलं होतं, उपड्या डोंग्याला टेकून.

मामीने तोंडात पदर कोंबला. वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

आबा उठले. म्हातारे गुडघे कटकन वाजले. ते शुभमसमोर जमिनीवरच, मातीत बसले, त्याच्या तोंडाला तोंड येईल असे.

"देवानंद कसा ये, ते मले सांग," ते म्हणाले. "आता सांग. पयलेपासून."

शुभमने एकदा आईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"पयले मंदिराचा कळस अन् टावर एका रेषेत धरा लागते," तो सांगू लागला. "मंग कुंभारगल्ली. तिथं बाबा शीड पाडे. मंग पार्बताबाईचं घर..."

आबा ऐकत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्यांनी मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही. वामनरावही हळूच येऊन खाली बसले, मग भगवंतराव, मग एकेक करून सगळं अंगण. शुभम शाळेच्या भिंतीपर्यंत आला, तिथं थोडा थांबला आणि पुढे सांगत गेला.